हात लागेल त्याचा वाटा

दामोदर गिरकराने परसातला गडगा पुन्हा पाडायला घेतला, तेव्हा कावेरी स्वयंपाकघरात दोन टोपांत दोन निरनिराळी कालवणं शिजवत होती. एका टोपात बांगडे होते, रापणीच्या संघाच्या वाट्याचे, चांगले तळहाताएवढे. दुसऱ्यात चार किडकिडीत मुडदुशे, दामूने एकट्याने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाग, म्हणजे हातजाळं, फेकून आणलेले. बांगड्यांना दामू शिवत नव्हता. नवरा-बायकोची भांडणं जगात कशावरूनही होतात, पण मासळी कोणाच्या हातून किनाऱ्यावर आली यावरून एका घरात दोन कालवणं शिजावीत, हे भाटवाडीने याआधी पाहिलं नव्हतं.

बाहेर चिरे आपटत होते. गडगा म्हणजे मातीचुन्याशिवाय, चिऱ्यावर चिरा बसवून रचलेलं कुंपण. एकदा नीट रचला की दोन पिढ्या त्याच्याकडे बघायचं काम नसतं. दामूने या हंगामात तो किती वेळा पाडला आणि किती वेळा रचला, याची मोजदाद शेजाऱ्यांनीही सोडून दिली होती.

"कित्याक पाडतंस तो? बरो होतो की," कावेरी खिडकीतून म्हणाली.

"वाकडो झालो."

"काल सरळ होतो, आज वाकडो झालो?"

दामूने आणखी एक चिरा उचलला आणि जिथून उचलला तिथून हातभर अंतरावर ठेवला.

दामूला आळशी म्हणायची छाती वाडीत कोणाची नव्हती. रोग उलटाच होता. त्याच्या हातांना बसवतच नव्हतं. चहा पिताना तो खांद्यावरचा टॉवेल पिळत बसे. पंप असताना विहिरीतून पाणी शेंदून टाकी वाहवायचा. घरचे नारळ सोलून झाले तेव्हा न विचारता शेजारच्यांचे सोलून आला, आणि ते विकायला ठेवलेले होते म्हणून शिव्याही खाऊन आला. हे सगळं बघून कावेरीला अपराधी वाटायचं, कारण याचं मूळ किनाऱ्यावर होतं आणि ते तिथे तिनेच आणून ठेवलं होतं.

भाटवाडी जगत आली ती रापणीवर. होडी किनाऱ्यापासून आत जाते, पाण्यात मोठा अर्धगोल घेत जाळं सोडते, आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढत राहतात. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. त्यासाठी माणूस लागतो, आणि भरपूर लागतो. म्हणूनच असेल, पण रापणीचा एक नेम फार जुना आहे. दोराला ज्याचा हात लागेल त्याला मासळीचा वाटा. म्हातारा असो, विधवा असो, वाटेने चाललेला परका असो. ओढणं संपलं की तांडेल, म्हणजे संघाचा म्होरक्या, रांगेतून फिरतो आणि प्रत्येकाला विचारतो, "हात लागलो?" माणूस म्हणतो, "लागलो." झालं. याहून मोठी तपासणी तिथे कधी झाली नाही.

पण हात कमी होत गेले. तरणी माणसं गोव्याच्या हॉटेलांत गेली, शिकलेली पुण्याकडे गेली. उरलेल्यांच्या कंबरा गेल्या. एका वर्षी तर जाळं घालायला बारा-पंधरा माणसंही जमेनात, आणि तांडेल हरीतात्या मेतर होडीत बसून रडला असं त्याची बायकोच सांगत फिरली. त्याच वर्षी कावेरी पणजीजवळच्या प्रयोगशाळेतली नोकरी न सोडता, उलट ती नोकरी सोबत घेऊन, माहेर-सासर दोन्ही असलेल्या या वाडीत परत आली. येताना तिने दोर आणला.

त्या दोराचं शास्त्र तिने अंगणात बसून सगळ्यांना समजावलं होतं, आणि ते समजायला अवघड नव्हतंच. मासे धरायची साधी नायलॉनची तंगूस घ्या. तिला पीळ देत राहा, देत राहा. एका हद्दीनंतर ती स्वतःवरच वळ्या घालू लागते आणि स्प्रिंगसारखी होते. आता तिला ऊब द्या. धागा जाडीला फुगतो आणि लांबीला आखडतो, पीळ सुटायला बघतो, आणि त्या ओढाताणीत वळ्या एकमेकींना गच्च आवळतात. सगळी तंगूस आखडते. गार झाली की पुन्हा सैल. आपल्या दंडातली बेटकुळी याहून फार वेगळं काही करत नाही, फक्त ही तंगूस तेवढ्याच वजनाच्या मांसापेक्षा कितीतरी पट जास्त ओझं ओढते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना बरीच वर्षं ठाऊक होती. घोडं अडलं होतं ते गार करण्यापाशी. तापवायला क्षण पुरतो, पण हवेत निवायला वेळ लागतो, आणि इतका धिमा स्नायू काय कामाचा? कावेरीच्या चमूने धाग्यांवर कार्बनचा पातळ थर चढवला, त्यातून वीज सोडली की दोर पापणी लवते न लवते तोच तापे. आणि धाग्यांमधून बारीक नळ्या खेळवल्या, त्यांतून समुद्राचं पाणी आपोआप शोषलं जाई आणि दोर तितक्याच झटकन निवे. ज्या कामासाठी कारखान्यांना मोठाली यंत्रं लागली असती ते काम इथे समुद्र फुकटात करत होता. मग दोराचा एक भाग आखडायचा, पुढचा सैल पडायचा, आणि ही लाट दोरभर धावत राहायची. किनाऱ्यावर रोवलेल्या खांबांचे चिमटे आळीपाळीने त्याला धरायचे. गांडूळ सरपटतं तसा तो दोर जाळं घेऊन वाळूत चढून यायचा. जाळं कुठे खडकाला अडलं तर ताण ओळखून थांबायचा. वीज काढून घेतली की मात्र चिमटे सुटायचे आणि तो नुसता गार दोर, बापजाद्यांचा असायचा तसाच.

दोर आला त्या दिवशी संघाची बैठक बसली. सगळ्यांच्या मनात एकच भीती होती आणि ती बावा कुबलने बोलून दाखवली. बावा पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, त्याला सरळ प्रश्न विचारायची सवय.

"ओढतलो दोर. मगे आमका वाटो कित्याचो?"

हरीतात्याने बराच वेळ दाढी खाजवली.

"आमच्या आज्यापणज्यांनी कोणाक इचारूक नाय, तू किती जोर लावलंस म्हनान," तो शेवटी म्हणाला. "हात लागलो, वाटो मिळालो. दोर बदललो म्हनान नेम बदलूचो नाय."

त्या क्षणी कावेरीला इतका आनंद झाला की तिने तात्याचे पाय धरले. यंत्र आलं की माणसाच्या पोटावर पाय येतो, हे तिने परिषदांमधून इतक्या वेळा ऐकलं होतं. इथे तर कोणाचंच पोट मारलं गेलं नव्हतं. जगभरच्या विद्वानांना जे सुटत नाही ते एका तांडेलाने दाढी खाजवून सोडवलं, असं तिला वाटलं.

आणि खरोखर सुगीच आली. गेलेली माणसं परत आली. का नाही येणार? रोज सकाळी उबदार दोराला हात लावायचा, थोडं चालायचं, पिशवीभर मासळी घेऊन घरी जायचं. चाळीस माणसं उभी राहू लागली. सुरुवातीला सगळे पाय रोवून ओढण्याचा आव आणत. पुढे आव सैल पडला. मग तळहाताच्या जागी बोटं आली, आणि एक गृहस्थ तर एका हाताने मोबाइलवर क्रिकेट बघत दुसऱ्या हाताची करंगळी दोराला टेकवून उभे राहू लागले. तात्याने विचारलं की तेही तोंड वर करून सांगत, "लागलो." दोराच्या जोरावर संघाने जाळंही दीडपट वाढवलं. नवं जाळं दोराला कितपत झेपेल याचा हिशेब कावेरीनेच करून दिला होता.

दामू या रापणीचा हाळी देणारा होता. ओढणाऱ्यांचे जोर एकाच क्षणी लागावेत म्हणून कोणीतरी आवाज द्यावा लागतो. "ओढ रेऽऽ" म्हटलं की सगळ्यांनी श्वास घ्यायचा, "हय्" म्हटलं की जोर लावायचा. दामूचा आवाज खाडीच्या पलीकडच्या वाडीत ऐकू जाई. दोराला हाळीची गरज नव्हती. त्याला स्वतःची लय होती. काही दिवस दामूने सवयीने आवाज दिला, पण दोर त्याच्या "हय्"च्या आधीच आखडायचा, किंवा नंतर, आणि लोक हसायचे. एके दिवशी त्याने हात काढला, लुंगीला पुसला आणि तो घरी निघून आला.

"न ओढलेल्या दोराचो वाटो माका नको," त्याने सांगितलं.

यावर कावेरी खूप भांडली. "कोणाचो वाटो कमी झालो? कोण उपाशी रवलो? अन्नपूर्णाकाकीच्या हाताक दोर ओढून फोड येत होते, ते गेले. तुझो खांदो दुखा होतो, तो थांबलो. मगे तुका झाला काय?"

"माका कायच होना नाय," दामू म्हणाला. "ताच झाला."

त्यानंतर दोन टोप आले आणि गडगा पडू लागला. या गोष्टीवर वाडीत टिंगल झाली, समजूत काढून झाली, भुताखेताचा संशयही घेऊन झाला. दामू कोणाशी भांडला नाही. त्याला दोराचा रागही नव्हता. कावेरीला नेमकं तेच सहन होत नव्हतं. तो दोर तोडायला धावला असता तर तिला काय करायचं ते कळलं असतं.

दोन्ही कालवणं पानात पडली तेव्हा दामूने बातमी सांगितली. बांगड्याच्या टोपाकडे न बघता, भात कालवता कालवता.

"दक्षिण गोव्यात एक मोठा हॉटेल आसा. थंय पावण्यांका रापण दाखवतत. यंत्र नाय, हातान ओढलेली. तेंका माणसा व्हयी आसत. सोमवारी गाडी येतली न्हेवक."

कावेरीचा घास तसाच राहिला. "आनि मासळी?"

"परत पाण्यात सोडतत म्हणे. पावण्यांका फोटो मिळालो की झाला."

"म्हंजे नाटक."

"नाटक तर नाटक. थंय दोर तरी ओढूचो लागता."

"आनि मी?"

दामूने ताटातले मुडदुशे एकाचे दोन केले. "तू शनिवारी येत जा," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते इतकं पोकळ वाटलं की तो ताट घेऊन उठला.

कावेरी त्या दिवसापासून बेचैन झाली. एका घरात आता दोन माणसं अशी झाली ज्यांना बसवत नव्हतं. प्रयोगशाळेची कामं तिने उघडली आणि बंद केली. दामूशिवायचं हे घर तिला डोळ्यांसमोर आणताच येईना. आणि ज्या दोराचं कौतुक करायला दोन देशांतली माणसं येऊन गेली होती, त्या दोराकडे ती प्रथमच सवतीकडे बघावं तशी बघू लागली.

शुक्रवारी सकाळी तारली मासळीचा मोठा घोळका किनाऱ्याला लागला. पाण्यावर पक्षी तुटून पडत होते. होडीने जाळं सोडलं, दोर चालू झाला, चाळीस माणसांनी आपापली बोटं त्याला टेकवली. कावेरी नेहमीसारखी जाळी ठेवायच्या मांगराच्या दारात फोन हातात घेऊन उभी होती. फोनच्या पडद्यावर दोर चालवायचं एक बटण होतं आणि ते फक्त तिच्याच बोटाला जुमानत असे. दामू लांब सुरूच्या झाडाखाली आपला पाग शिवत बसला होता, पाठ करून.

जाळं अर्ध्यावर आलं तेव्हा कावेरीने दोराची वीज काढून घेतली.

तिने हे ठरवून केलं होतं असं म्हणता येणार नाही, पण चुकूनही केलं नव्हतं. दोर निवला. चाळीस माणसं आपल्या हातांकडे बघत उभी राहिली.

"काय झाला गो?" तात्या ओरडला.

"काय म्हाईत, तात्यांनू. ओढूक लागात. हातानी ओढा."

ओहोटी सुरू झाली होती. दोर हळूहळू माणसांच्या मुठीतून उलटा समुद्राकडे सरकू लागला. क्रिकेटवाल्या गृहस्थांनी फोन खिशात टाकला. अन्नपूर्णाकाकीने पदर खोचला. कोणी आधी जोर लावला, कोणी नंतर, आणि जाळं थांबेना. तेवढ्यात सुरूखालून दामू धावत आला, दोराच्या सगळ्यांत पुढे, पाण्यात जाऊन उभा राहिला आणि त्याने हाळी दिली.

"ओढ रेऽऽ... हय्!"

कितीतरी दिवसांनी तो आवाज किनाऱ्यावर घुमला, आणि कावेरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस पाठी एकदम मागे झुकल्या. दोर आला. पुन्हा हाळी, पुन्हा दोर. तिला वाटलं, जमलं. आता तो कुठे जायचा नाही.

मग दोर थांबला. माणसं ओढत होती, माना फुगल्या होत्या, पण जाळं जागचं हलेना. बावा कुबल गुडघ्यांवर आला. काकीच्या टाचांनी वाळूत चर पडले आणि त्या चरांतून ती पाण्याकडे घसरत चालली. तेव्हा कावेरीला आठवलं. जाळं दीडपट होतं. चाळीस माणसांना ते ओढवणार नव्हतं, साठांनाही नसतं ओढवलं. हिशेब तिनेच केला होता आणि नेमक्या या वेळी तोच विसरली होती. चाळीस घरांची मासळी आणि संघाचं अख्खं जाळं तिच्या खुळेपणापायी समुद्रात चाललं होतं.

तिने बटणावर बोट ठेवलं आणि अगदी थोडी, कोणाच्या लक्षात येणार नाही इतकी वीज सोडली. मग आणखी थोडी.

पण दोर ऊबदार होतो, आणि ऊब तळहाताला कळते. कावेरीने ते समोर पाहिलं. रांगेतला एकेक चेहरा बदलत गेला. काकीने मान वळवून मांगराकडे पाहिलं. बावाच्या भुवया वर गेल्या. आणि तरी एकही माणूस थांबला नाही. सगळे तसेच मागे झुकले, तसेच कण्हले, दामूच्या "हय्"वर तसेच तोंड वेडंवाकडं करून ओढत राहिले. चाळीस माणसांनी न ठरवता एक खोटं सांभाळलं, आणि ते दामूसाठी सांभाळलं.

दामूलाही ऊब कळलीच होती. कावेरीला त्याची बोटं उघडताना दिसली. त्याने दोर सोडला आणि दोन्ही हात बाजूला लोंबते ठेवून तो पाण्यात उभा राहिला. पण हाळी त्याने थांबवली नाही. मागच्या माणसांची लाज राखायला तो रिकाम्या हातांनी, जाळं वाळूत येईपर्यंत, खच्चून ओरडत राहिला.

तारली इतकी आली की टोपल्या कमी पडल्या. तात्या रांगेतून फिरू लागला. "हात लागलो?" "लागलो." "हात लागलो?" "लागलो." तो दामूपाशी आला.

"हात लागलो?"

"नाय."

"अरे, सगळ्यांच्या फुडे होतंस तू."

"होतंय. मगे सोडलंय."

तात्याच्या हातात मासळी तशीच राहिली. त्याने एकवार कावेरीकडे पाहिलं, मग खाली बघत पुढच्या माणसाकडे गेला.

घरी आल्यावर दामूने अंग धुतलं आणि तो अर्धवट पाडलेल्या गडग्यावर बसला. कावेरी दारात उभी राहिली. आत जायचं तिला धाडस होईना आणि बाहेर यायचंही.

"बिघडूक नव्हतो तो," दामू म्हणाला. "तू बंद केललंस."

"होय."

"माझ्यासाठी?"

"होय."

"जाळा गेला असता तर?"

"तर गेला असता," ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडून हे ऐकून तिला रडू फुटलं. तिला शरम वाटत होती आणि रागही येत होता, आणि त्यातलं कुठलं कोणावर हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दामू तिला समजवायला उठला नाही. "जाळा मागे जावक लागला ना," तो म्हणाला, "तेव्हा माका भिया वाटला. वाटला, आता माझ्या हातसून जाताला. कितक्या म्हयन्यांनी वाटला तसा. बरा वाटला गो."

"भिया वाटला आनि बरा वाटला?"

"होय. जाताला तर माझ्या हातसून जाताला. ऊब लागली तसा ता भिया गेला. मगे मी थंय नसलंय तरी चलला असता."

कावेरीने डोळे पुसले. रडतानाही तिचं डोकं काम करत असे, हा तिचा दोष म्हणा की गुण. "आनि गोव्यात?" तिने विचारलं. "थंय जाळा गेला तर काय होतला?"

"दुसरा घालतले. पावणे थंयच बसलेले आसतत."

"मगे थंय कसला भिया?"

दामूने एक चिरा उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवून दिला. "तुका मी व्हयो आसंय, ता माका म्हाईत आसा," तो म्हणाला. "पन माकाच मी नको झालंय, कावेरी. तेचा काय करू?"

शनिवारी त्याने मांगराच्या माळ्यावरून संघाचं जुनं, टाकून दिलेलं जाळं खाली काढलं आणि त्यातला धड तुकडा कापून शिवायला बसला. शनिवार गेला, रविवार गेला. गडग्याकडे तो फिरकला नाही. काय करतोस विचारलं तर म्हणे, "बघतंय." सोमवारी उजाडता उजाडता तो पात, म्हणजे छोटी होडी, घेऊन पाण्यात गेला, ते लहानसं जाळं त्याने सोडलं, त्याचं एक टोक किनाऱ्यावरच्या खुंटाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाचा काथ्याचा दोर हातात घेऊन उभा राहिला. सोबत अन्नपूर्णाकाकी होती, बावा कुबल होता आणि बाजारात मासळी विकणाऱ्या दोघी जणी होत्या. वाडीभर सांगून झालं होतं. एवढीच आली.

हॉटेलची गाडी माडाखाली येऊन उभी होती. दामूने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं होतं. कावेरीला त्याने एवढंच म्हटलं, "ह्या जाळा आमच्या हातानी इला तर रवतंय. नाय इला तर गाडीत बसतंय. सहावो माणूस व्हयो. येतंस?"

कावेरीने जन्मात रापण ओढली नव्हती. ती लहान असताना तिच्या बापाने तिला दोराजवळ येऊ दिलं नव्हतं. तू शिक, दोर ओढूक माणसा आसत, असं तो म्हणायचा. तिने फोन ब्लाउजमध्ये खोचला आणि ती काकीच्या मागे जाऊन उभी राहिली.

काथ्या हाताला लागताच तिला कळलं की हे आपल्याला जमणार नाही. तो ओला, खरखरीत आणि गार होता आणि त्याच्या पलीकडे कोणीतरी प्रचंड ताकदीचं उभं राहून उलटं ओढत होतं. "ओढ रेऽऽ" दामू म्हणाला. "हय्!" तिने जोर लावला. दोर वीतभर आला. दुसऱ्या "हय्"ला तिच्या तळहाताची सालं गेली. तिसऱ्यानंतर तिने मोजणं सोडलं. तिला एकच समजत होतं, की ती सैल पडली की पुढची काकी दोन पावलं पाण्यात ओढली जाते. सहा माणसांत एक कमी म्हणजे काय ते तिच्या खांद्यांना कळत होतं, कागदावर मांडायची गरज नव्हती. तिला भीती वाटत होती. दामू बोलला होता तीच असावी.

किनाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला तोवर होडीने मोठं जाळं सोडलं होतं आणि उरलेली चाळीसेक माणसं जागेवर उभी राहिली होती. फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. शेवटी हरीतात्या स्वतः वाळू तुडवत आला. धापा टाकत होता.

"कावेरी, दोर चालू कर गो. ओहोटी लागली. जाळा जाताला."

"थांबा, तात्यांनू."

"अगो, एक बोट तर लावचा आसा. एक बोट." त्याचा आवाज विनवणीचा झाला होता. "चाळीस घरा थांबलीत. हो मुठभर मासळीचो खेळ मगे कर."

कावेरीने पुढे पाहिलं. दामूने ऐकलं होतं, पण वळून पाहिलं नाही. जा म्हणाला नाही, थांब म्हणाला नाही. त्याची पाठ घामाने भिजली होती आणि मान फुगली होती. माडाखाली ड्रायव्हरने गाडी चालू करून ठेवली होती. तिच्या मुठीत दोर पुन्हा उलटा सरकू लागला, चार बोटं, सहा बोटं, आणि पुढे काकी कळवळली, "सोडू नको गो, मी जातंय." कावेरीने पाय वाळूत आणखी खोल रोवले.

"तात्यांनू, माझे हात मोकळे नाय आसत," चाळिसांना ते मोठं जाळं ओढवणार नाही हे ठाऊक असूनही ती म्हणाली. "तुमी चाळीस जणा आसास. ओढा."

"ओढ रेऽऽ," दामूने हाळी दिली. तात्या दोन्ही जाळ्यांच्या मधोमध वाळूत उभा राहिला. पलीकडे चाळीस माणसं गार दोराला बोटं लावून अजून वाट बघत होती.